घरातली सक्युलेंट: मराठवाड्याच्या हवेत पाणी कधी, किती आणि कोणतं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी,

जून उजाडला की बागकामाच्या पानावर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो: "अख्खा उन्हाळा ठणठणीत होतं, पाऊस सुरू झाला आणि बुंध्यातून सडलं." उत्तरं दहा ठिकाणी विखुरलीत, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. विषय फक्त घरात, खिडकीत, बंद गॅलरीत ठेवलेल्या कुंड्यांचा.

पान, खोड किंवा मूळ यांत पाणी साठवून ठेवणारी ती सक्युलेंट. कोरफड, पानफुटी, शेर, निवडुंग ही आपल्या ओळखीची. भाजीची घोळसुद्धा याच स्वभावाची. नर्सरीतून हल्ली घरात येतात ती मात्र बहुतेक बाहेरची आहेत. एचेवेरिया मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया दक्षिण आफ्रिकेतली, स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतलं. त्यांच्याबद्दलची माहितीही बाहेरच्याच हवेवर बेतलेली असते. सगळीकडे लिहिलेलं सापडतं, "उन्हाळा वाढीचा, पाणी वाढवा, हिवाळा विश्रांतीचा, पाणी बंद करा." हे वेळापत्रक लातूर-बीडला जसंच्या तसं लावलं की झाड हातचं जातं.

कारण समजून घ्या. ही झाडं दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेतात, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री गारवा आला की रंध्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच साठ्यावर अन्न तयार होतं. सगळा कारभार रात्रीच्या गारव्यावर चालतो. आता मे महिन्यातलं आपलं स्लॅबचं घर आठवा. मध्यरात्रीपर्यंत भिंती तापलेल्या, आतला पारा तिशीखाली यायला तयार नाही. अशा रात्री एचेवेरिया, सेडम, हॉवर्थिया यांची वाढ थांबते आणि मुळं पाणी ओढेनाशी होतात. नेमकं तेव्हाच आपण "किती उकडतंय बिचाऱ्याला" म्हणून पाणी ओततो. ओली माती आणि तापलेली कुंडी हे सडण्याचं आमंत्रणच.

माझं ठाम मत असं, की आपल्याकडे या झाडांचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. कुंडी बदलणं, खत, नवी रोपं करणं, मोकळ्या हाताने पाणी देणं हे सगळं त्याच काळात. होळीनंतर हात आखडता घ्यायचा, आणि पावसाळ्यात तर आणखीच.

पाणी कसं द्यायचं? द्यायचं तेव्हा पोटभर. कुंडीच्या सगळ्या बाजूंनी, खालच्या भोकातून वाहेपर्यंत. चार इंची कुंडीला साधारण एक फुलपात्र पुरतं. बशीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं. त्यानंतर माती तळापर्यंत कोरडी होईस्तोवर कुंडीकडे वळायचंही नाही. हे ओळखायला जळून गेलेल्या उदबत्तीची काडी पुरते. ती कडेने सावकाश तळापर्यंत खुपसायची, मिनिटभर ठेवायची, बाहेर काढून बोटांत फिरवायची. काडी काळपट, गार लागली किंवा मातीचे कण चिकटून आले तर थांबा. कोरडी खडखडीत आली तर पाणी द्या. ज्यांना हाताचा अंदाज आहे त्यांना कुंडी उचलूनच कळतं, ओली आणि कोरडी यांत चांगलाच फरक असतो.

पानंही सांगतात. तहानलेलं पान पातळ, सुरकुतलेलं आणि दाबलं तर लवचिक लागतं. पाणी जास्त झालेलं पान पिवळसर, पारदर्शक होतं आणि हात लावताच देठातून निसटतं. सगळ्यात खालची एक-दोन पानं कागदासारखी वाळली तर घाबरू नका, ती जुनी झाली म्हणून गेली.

२०१६ साली आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पाण्याचा हिशेब ज्या घरांत रोज होतो, तिथे महिन्याला तांब्या-दोन तांब्यांत जगणारी हिरवळ असावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून एवढं लिहिलं. प्रश्न विचारा.


दुधना (जालना)

ताई, फार कामाचं लिहिलंत. माझं एक कोडं आहे. हॉलमध्ये कूलर चालू असतो आणि त्याच्या झोतासमोरच्या खिडकीत कुंड्या आहेत. वरची माती तर कोरडी ठणठणीत दिसते, पण खालची पानं पिवळी पडून गळायलीत. पाणी दर आठ दिवसाला अर्धा कप द्यायलो, जास्त नाही. मग काय व्हायलंय?


मांजराकाठ

दुधना दादा, कूलरची हवा ओलसर असते. खोली गार होते ती पाणी हवेत मिसळूनच. झोतामुळे वरचा थर वाळतो, पण आतला ओलावा बाहेर पडायला वाव राहत नाही. त्यात दर आठवड्याचा अर्धा कप म्हणजे मधला थर कायम दमट. कुंड्या झोतातून बाजूला काढा, शक्यतो कूलर नसलेल्या खोलीत न्या. आणि वाराच्या हिशेबाने पाणी देणं सोडा, काडीच्या हिशेबाने द्या.

माती कोणती भरलीय? वावरातली काळी असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे.


दुधना

काळीच. शेतातनं आणलेली, त्यात शेणखत.


मांजराकाठ

काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण कुंडीतल्या सक्युलेंटला नको. ती पाणी धरून फुगते आणि वाळली की आक्रसते. आक्रसताना कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि कडेने फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली वाहून जातं. आपल्याला वाटतं पोटभर दिलं, आणि मधला गोळा कोरडाच. फुगणं-आक्रसणं सतत चालू राहिलं की बारीक मुळं तुटतात ते वेगळंच.

माझं मिश्रण असं: दोन वाटे क्रशरवरची बारीक कच, एक वाटा फोडलेल्या विटेचे तुकडे, एक वाटा जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कण साधारण ३ ते ६ मिलिमीटरचे हवेत, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे लहान. कच आणि वीट दोन्ही चाळून धुऊन घ्या. भुकटी राहिली तर ती खाली बसून भोक बुजवते. ही धूळ काढण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळा फरक तिथेच पडतो. बारीक वाळू मात्र नको, तिने मोकळ्या जागा भरून जातात आणि मिश्रण गच्च होतं.


अंगणवेल (नांदेड)

छान धागा. एक भर घालते. मी कुंडीच्या तळाशी नेहमी दोन बोटं खडी घालते, वर माती. म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो. आमच्याकडे सगळे असंच करतात.


कयाधू (हिंगोली)

अंगणवेल ताई, खडीच्या थराबद्दल थोडं वेगळं सांगू का? बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून गच्च झाल्याशिवाय ते खाली सुटतच नाही. म्हणजे कुंडीच्या तळाला जो ओला पट्टा राहतो तो खडीमुळे जात नाही, फक्त वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एखादी खापरी ठेवली तर हरकत नाही, ती माती वाहून जाऊ नये म्हणून. निचरा हवा असेल तर खडी तळाशी न घालता सगळ्या मातीत कालवा.


अंगणवेल

हे पटलं. उद्याच एका कुंडीत करून बघते. पण कुंडीच्या बाबतीत मी तुमच्या विरुद्ध आहे. सगळे म्हणतात मातीचीच कुंडी हवी. नांदेडला एप्रिलमध्ये छोट्या मातीच्या कुंडीतली हॉवर्थिया बघता बघता कोरडी होते, कुंडीच सगळं पाणी पिते. माझी प्लास्टिकमधली जास्त खुशीत आहेत.


मांजराकाठ

अंगणवेल ताई, तुमचं खरं आहे आणि मी वाद घालणार नाही. ज्यांचा हात पाण्याला सैल आहे त्यांनी मातीची कुंडी घ्यावी, ती चूक पोटात घालते. मिश्रण कचीचं, मोकळं असेल आणि पाणी बघून द्यायची सवय असेल तर प्लास्टिक उत्तम, विशेषतः दोन-तीन इंची कुंड्यांना. नको ते फक्त भोक नसलेलं चिनी मातीचं भांडं. भेट म्हणून तेच जास्त मिळतं. त्याला फरशीच्या ड्रिल बिटने सावकाश, पाणी सोडत भोक पाडून घ्या, नाहीतर झाड छोट्या प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती आत ठेवा. पाणी द्यायच्या वेळी कुंडी बाहेर काढायची.


तिसरा मजला (छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, चांगलंच जड. कुंड्यांच्या काठावर पांढरा थर बसतो. हॉवर्थियाच्या पानांवरही डाग पडलेत. आरओ मशिनमधून जे पाणी वाया जातं ते वापरलं तर चालेल का? रोज बादलीभर निघतं, ओतून द्यायला जीव होत नाही.


मांजराकाठ

नका वापरू. आरओ मशीन चांगलं पाणी एका बाजूला काढतं आणि क्षार दुसऱ्या बाजूला ढकलतं. ते फेकायचं पाणी तुमच्या बोअरपेक्षाही खारट असतं. फरशी पुसा, संडासात वापरा, कुंडीत नको.

त्यापेक्षा तीन सोयी आहेत. पहिली पावसाची. गच्चीच्या पन्हाळीखाली कॅन लावला तर एका चांगल्या सरीत वीस लिटर सहज भरतात, आणि खिडकीतल्या दहा-बारा लहान कुंड्यांना ते कित्येक महिने पुरतात. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, त्यात गच्चीची धूळ असते. कॅन झाकणाचा आणि सावलीत ठेवा. उघडा राहिला तर डास होतील. दुसरी सोय एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. ते हवेतल्या वाफेचं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. तिसरी, आरओचंच पिण्याचं पाणी. सक्युलेंटला लागतं किती, फुलपात्रभर!

यातलं काहीच नसेल तर जड पाण्यावरही ही झाडं जगतात, क्षार मात्र साचू द्यायचे नाहीत. वर्षातून एक-दोनदा, हिवाळ्यात, कुंडी मोरीत ठेवून भरपूर पाणी वरून सोडायचं, खालून वाहू द्यायचं. ते पाणी बादलीत धरून अंगणातल्या मोठ्या झाडांना घाला. काठावरचा पांढरा थर ओल्या ब्रशने घासला की निघतो. पानांवर फवारा मारायची सवय असेल तर ती थांबवा. डाग त्यानेच पडतात, आणि पानांच्या गाभ्यात पाणी साचून राहिलं तर तिथूनही कुजतं.


तिसरा मजला

मनापासून आभार. आणखी एक. आमची खिडकी दक्षिणेला आहे. हिवाळ्यात खोलीच्या मध्यापर्यंत ऊन येतं, उन्हाळ्यात अजिबात नाही. एचेवेरियाचा गुलाब उन्हाळ्यात उघडून लांबुडका होतो. पाणी कमी पडतं म्हणून?


कयाधू

हे पाण्याचं नाही, उजेडाचं. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. आपण साधारण १८ ते २० अक्षांशांच्या दरम्यान राहतो. लातूरला मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि संभाजीनगरला त्यानंतर काही दिवसांनी शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्यामुळे मे ते जुलै दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतच नाही, आणि उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला, म्हणून तुमची खोली उजळते.

मग कुंड्यांनी सूर्यामागे फिरावं. दसऱ्यानंतर दक्षिणेची खिडकी, होळीनंतर पूर्वेची. पूर्व सगळ्यात चांगली, सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचा मारा टळतो. पश्चिमेची खिडकी एप्रिल-मेत टाळा, तापलेल्या काचेला टेकलेलं पान भाजतं. खिडकीपासून मीटरभर आत गेलं तरी उजेड फार झपाट्याने कमी होतो. आपल्या डोळ्यांना खोली उजेडाची वाटते, झाडाला ती अंधारी असते.

लांबुडकं झालेलं परत आखूड होत नाही. हिवाळ्यात शेंडा कापून नवा लावा.


वनफूल (परभणी)

स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं म्हणून बेडरूममध्ये ठेवायला सांगतात. तुम्ही वर लिहिलंय की रंध्रं रात्री उघडतात, म्हणजे ते खरंच ना?


मांजराकाठ

वनफूल ताई, रंध्रं उघडतात हे खरं, पण कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच, रात्री तो तयार होत नाही. आणि दोन-चार कुंड्यांनी खोलीची हवा शुद्ध होते हेही धरून चालू नका. नासाचा १९८९ चा जो अभ्यास सगळे सांगतात, तो हवाबंद लहान पेट्यांमध्ये केलेला होता. घरात दारं-खिडक्यांतून येणारी हवा त्याहून कितीतरी जास्त काम करते.

बेडरूममध्ये जरूर ठेवा, कमी उजेड सोसणारं ते भक्कम झाड आहे. फक्त अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर पाणी फारच कमी द्या. उजेड कमी तर पाणी कमी, हे सगळ्याच सक्युलेंटला लागू.


वनफूल

समजलं. आमच्या परभणीच्या थंडीचंही सांगा. जानेवारीत कधीकधी पारा पाचाच्या आसपास उतरतो.


मांजराकाठ

घरात असतील तर चिंता नाही. कोरड्या मातीतलं झाड थंडी बरीच सोसतं, ओल्या मातीतलं सोसत नाही. म्हणून थंडीच्या लाटेत तेवढे दिवस पाणी थांबवा, आणि एरवी हिवाळ्यात सकाळी ऊन आल्यावर द्या. उन्हाळ्यात मात्र संध्याकाळी उशिरा. अडेनियमचा हिशेब निराळा आहे. ते उष्णतेचं झाड, हिवाळ्यात पानं गाळून झोपतं, तेव्हा त्याला पाणी जवळजवळ नकोच. ते घरात ठेवण्याचं झाडही नाही, त्याला गच्चीवरचं ऊन हवं.


बालाघाटी (पाटोदा, बीड)

राम राम. आमी कापूसवाले, पण लेकीनं खिडकीत कुंड्या मांडल्यात. तिच्या जेडवर पानाच्या बेचक्यात पांढरं कापसावानी दिसायलंय, मुंग्या पण चढायल्यात. मला तर आपला पिठ्या ढेकूणच वाटायलाय. शेतातली फवारणीची औषधं घरात मारावीत का?


मांजराकाठ

राम राम दादा. तुमची नजर बरोबर, तो पिठ्या ढेकूणच. शेतातलं औषध घरात अजिबात नको, मुलं वावरतात. कापसाच्या बोळ्यावर किंवा कान साफ करायच्या काडीवर सर्जिकल स्पिरिट घेऊन एकेक पुंजका पुसून काढा. दर चार-पाच दिवसांनी परत, कारण अंडी राहतात. मुंग्यांचाही बंदोबस्त करा. किडीतून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या येतात आणि कीड इकडून तिकडे पसरवतात. ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. वरून साफ होऊनही झाड मलूल राहिलं तर उपटून मुळं बघा, तिथेही हीच कीड बसते. तसं असेल तर मुळं धुऊन, वाळवून नव्या मिश्रणात लावा.

निंबोळी अर्क जेडला चालेल, संध्याकाळी, पातळ करून. पण ज्यांच्या पानांवर पांढरट भुकटीचा लेप असतो त्या एचेवेरियांवर नको. तेलाने तो लेप जातो, आणि उन्हापासून त्यांचं रक्षण तोच करतो.

आणि लेकीला सांगा, पानं नखाएवढी, खोड तांबूस आणि फांद्या बारीक असतील तर ते बहुधा पोर्टुलाकारिया असणार. आपल्याकडच्या नर्सरीत जेड म्हणून तेच जास्त विकलं जातं. ते आपल्या उन्हाळ्याला खऱ्या जेडपेक्षा जास्त टिकतं, पाणीही जरा जास्त मागतं.


बालाघाटी

तसंच हाय, तांबूस खोडाचं. लेक खूश झाली. शेराचं एक रोप पण आणलंय तिनं घरात.


मांजराकाठ

शेर आणि त्याच्या जातीतली सगळी झाडं लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. छाटताना हातमोजे घाला. पानफुटी आणि कलांचो शेळ्या-वासरांच्या तोंडी लागू देऊ नका, विषारी आहेत.


दुधना

ताई, तुम्ही सांगितलं तशी कुंडी उपटून बघितली. बुंधा खालून तपकिरी, मऊ झालाय. वरचा गुलाब अजून हिरवागार आहे. वाचेल का?


मांजराकाठ

वाचायची चांगली शक्यता आहे. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि हिरव्या भागाच्या खाली आडवा काप द्या. कापाकडे नीट बघा. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर सड अजून वर गेलेली आहे. आणखी वर कापा, दरवेळी ब्लेड पुसून, जोवर काप सगळीकडून फिकट हिरवा स्वच्छ दिसत नाही तोवर. मग तो शेंडा सावलीत, वारा लागेल अशा जागी उघडा ठेवा. कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत कापावर कातडी धरते, पावसाळ्यात जास्त दिवस लागतात. हळद, दालचिनी काही लावायची गरज नाही, काप पूर्ण वाळणं महत्त्वाचं. नंतर कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा. मुळं दिसायला लागली की पहिलं पाणी.

सुटलेली धडधाकट पानंही फेकू नका. तशीच मिश्रणावर पसरा, काहींना पिल्लं फुटतील.

जुनी माती या झाडांना परत वापरू नका, आणि कुंडी साबणाने धुऊन उन्हात वाळवा.


अंगणवेल

शेवटचा प्रश्न माझा. मे महिन्यात आम्ही महिनाभर गावी जातो. शेजारच्या काकू पाणी घालायला तयार आहेत. त्यांना काय सांगून जाऊ?


मांजराकाठ

काकूंना तुळस आणि मोगरा सांभाळायला सांगा, सक्युलेंटच्या खोलीची किल्लीही देऊ नका. निघायच्या तीन-चार दिवस आधी एकदा पोटभर पाणी द्या, बशा रिकाम्या करा, कुंड्या खिडकीपासून हातभर आत घ्या आणि पडदा अर्धा ओढा. मेमध्ये ती तशीही थांबलेली असतात, महिनाभर सहज निभतं. अगदी लहान, दोन इंची कुंड्या तेवढ्या एकमेकींना चिकटवून ठेवा. परत आल्यावर पानं सुरकुतलेली दिसतील. एकदम भरपूर पाणी नका देऊ, पहिल्या संध्याकाळी थोडं, आणि मुळं जागी झाली असं पानांवरून दिसलं की मग पोटभर.